झाडीपट्टीचा वसंत आणि चिनी ऋतुमालिका

चिनी भाषेच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास त्या भाषेतील ऋतुवाचक शब्दांचा परिचय करून घ्यावयाचा असेल, तर त्याला चोवीस सौर पर्वांची मालिका पाठ करावी लागते, आणि या मालिकेतील पहिली सहा नावे वसंताची आहेत. लीछुन म्हणजे वसंताचा आरंभ, यूश्वे म्हणजे पर्जन्यजल, चिंगच म्हणजे भूमीत निद्रिस्त असलेल्या कीटकांची जागृती, छुनफन म्हणजे वसंतसंपात, छिंगमिंग म्हणजे निर्मळ प्रकाश आणि कूयू म्हणजे धान्यास पोषक असा पाऊस. फेब्रुवारीच्या चार तारखेच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्याच्या आरंभापर्यंत चालणारी ही सहा पर्वे प्रत्येकी सुमारे पंधरा दिवसांची असतात. पीत नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून ती घडत गेली, इसवी सनापूर्वी १०४ मध्ये हान राजवटीने आपल्या अधिकृत पंचांगात त्यांना स्थान दिले, आणि २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात त्यांची गणना केली. दोन सहस्रकांहून अधिक काळ राजसत्तेने, शाळेने आणि घराने मिळून जतन केलेली ही शब्दमालिका आहे. म्हणूनच ती आज परदेशी विद्यार्थ्याच्या हाती सुघटित रूपात पडते.

ही मालिका समोर ठेवून भंडारा जिल्ह्याच्या वसंताकडे पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. आपल्या शेतकऱ्याजवळही सूर्याच्या गतीवर बांधलेली कालगणना आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा ही सूर्यनक्षत्रे प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची असून चिनी पर्वांशी त्यांचे नाते अगदी निकटचे आहे. परंतु ही नक्षत्रे त्याच्या तोंडी येतात ती पावसाळ्याच्या चाहुलीपासून. मार्च-एप्रिलमधील उत्तरा भाद्रपदा, रेवती आणि अश्विनी यांची आठवण पंचांगकर्त्यास असेल, नांगरधाऱ्यास क्वचितच असते. कारण ज्या काळात भाताचे शेत रिकामे पडलेले असते, त्या काळाचे माप नक्षत्राने घेण्याची त्याला गरज भासत नाही. तो काळ त्याने तलावाच्या पाण्याने, रानातल्या झाडांनी आणि देवाच्या यात्रांनी मोजला. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानपट्ट्याचा, वसंत म्हणजे पळस, मोह, तेंदू आणि अक्षय तृतीया असा क्रम आहे, आणि त्या प्रत्येक पायरीमागे या जिल्ह्याच्या महसुलाचा, दुष्काळाचा आणि वनकायद्याचा इतिहास उभा आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. वैनगंगेच्या या खोऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि हे बिरुद मुख्यतः कोहळी समाजाच्या परिश्रमाचे फळ होय. गोंड राजांच्या अमदानीत जो कोणी रान तोडून गाव वसवील आणि तलाव बांधील, त्यास त्या भूमीचा हक्क सनदेने मिळत असे, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावचा महसूल भरणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले आणि मालगुजारी तलाव या नावानेच प्रसिद्धी पावले. आजचे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे मिळून त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. मातीची पाळ, पाणी सोडण्यासाठी तीत बसविलेले तुडूम आणि शेतोशेती पाणी वाटून देणारा पाणकर, अशी ही व्यवस्था. पावसाने ताण दिला तर धान वाचवावे आणि उरलेल्या पाण्यावर ऊस पिकवावा, हे कोहळ्यांचे शेतीशास्त्र होते. माघात उसाचा गूळ होई, फाल्गुनापुढे तलावाचे पाणी पाळीपासून दूर हटू लागे, ढिवरांची मासेमारी चाले आणि उघडा पडलेला गाळ शेतात नेला जाई. उतरत्या पाण्याच्या काठावर वसंताचे आगमन ओळखणारे हे लोक होते.

या वहिवाटी केवळ स्मृतीवर विसंबून नव्हत्या. मध्य प्रांत १८६१ साली अस्तित्वात आला आणि त्यानंतरच्या महसुली बंदोबस्तांत मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क मिळाले. १८८१ च्या जमीनमहसूल कायद्याने गावोगावच्या रूढी लिहून घेण्याची तजवीज केली. वाजिब-उल-अर्ज या नावाच्या त्या कागदात पाण्याचा, चराईचा, सरपणाचा आणि इतर निस्ताराचा, म्हणजे गावाच्या नित्य गरजांचा, हक्क कोणाचा, हे नमूद होत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. परंतु ज्या गावांचा निस्तार कागदावर होता, त्यांना आपला हक्क सांगण्यास आधार उरला. जे लिहिले गेले ते वादातही टिकले, हा धडा पुढील विवेचनासाठी स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

माघ शुद्ध पंचमी, म्हणजेच वसंत पंचमी, ही या भागात शंकरपटाच्या दिवसांत येते. धान मळून झालेले असते, बैलांना विसावा मिळालेला असतो, आणि लाखनीसारख्या गावी बैलजोड्यांच्या शर्यती पाहण्यास दूरदूरचे लोक लोटतात. हलक्या छकड्यावर उभा राहिलेला धुरकरी, क्षणार्धात संपणारी ती धाव, आणि त्याच रात्री मंडपात रंगणारे झाडीपट्टीचे नाटक किंवा दंडार हे लोकनाट्य, हा त्या उत्सवाचा आकृतिबंध आहे. मध्यंतरी न्यायालयाच्या बंदीमुळे पट थांबले होते. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. चीनमध्येही वसंताचा आरंभ बैलाशीच निगडित होता. लीछुनच्या दिवशी मातीचा बैल करून स्थानिक अंमलदार त्यावर रंगीत चाबकाचे प्रहार करी आणि लोक त्या फुटलेल्या बैलाची माती शुभ मानून घरी नेत. तेथे वसंताचा बैल कामास उठविला जाई, येथे काम संपवून आलेल्या बैलाचा पराक्रम पाहिला जाई. दोन देशांच्या पीकपद्धतींतील अंतर या दोन विधींत स्पष्ट उमटले आहे. हीच गोष्ट रेशमाची. चिनी घरांत कूयूच्या सुमारास तुतीच्या पाल्याची आणि रेशीमकिड्यांची लगबग सुरू होई. आंधळगावचे कोष्टी ज्या कोशाचे वस्त्र विणतात, तो कोसा ऐनाच्या झाडावर पावसाळ्यात वाढतो, म्हणून आपल्या वसंतात त्याला स्थान नाही.

महाशिवरात्रीस तुमसर तालुक्यातील गायमुखाची यात्रा भरते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या स्थानास छोटा महादेव म्हणतात, आणि पचमढीच्या मोठ्या महादेवाकडे जाणे ज्यांना जमत नाही, ते गोंड आणि इतर ग्रामीण भाविक येथे पायी येतात. त्यानंतर पळस फुलतो. त्याची फुले उकळून काढलेला केशरी रंग शिमग्याला, त्याची पाने पत्रावळी-द्रोणांना आणि त्याच्या फांद्यांवरची लाख व्यापाराला, असा हा एकाच वृक्षाचा त्रिविध उपयोग आहे.

परंतु या वसंताचे खरे केंद्र मोह होय. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत, पाने गळून गेलेल्या फांद्यांच्या टोकांवरून मोहाची मांसल, फिकट पिवळसर फुले रात्रीच्या उत्तरार्धात गळू लागतात आणि ऊन चढेपर्यंत गळतच राहतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून, कित्येकदा जाळून, जमीन स्वच्छ केलेली असते. पहाटेच्या अंधारात बायकामुले टोपल्या घेऊन तेथे पोचतात, कारण उशीर झाला तर गुरे, हरणे आणि अस्वले आपला वाटा उचलून जातात. एकेक फूल वाकून वेचावे लागते; टोपली भरते तेव्हा तिला गोड, जड, किंचित आंबूस असा दर्प येऊ लागतो, आणि घराच्या अंगणात तीन-चार दिवस वाळल्यावर तेच फूल तांबूस तपकिरी होऊन मनुक्यासारखे आक्रसते. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीस फळे पिकतात आणि टोरी, म्हणजे मोहाचे बी, तेलासाठी गोळा होते. रानात राहणाऱ्या कुटुंबास मोहाने अन्न, तेल, मद्य आणि रोकड अशा चारही गोष्टी दिल्या. म्हणूनच रान तोडून शेत काढतानाही मोहाचे झाड राखण्याची रीत पडली.

या फुलाचा इतिहास सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील मोहफुले मद्यनिर्मितीसाठी फ्रान्सपर्यंत निर्यात झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मध्य प्रांतातील असंख्य लोकांनी वाळलेल्या मोहावर दिवस काढले. त्याच काळात अबकारी खात्याच्या दृष्टीने हे फूल दारूचा कच्चा माल होते, आणि ज्याच्या अंगणात ते वाळत असे त्याच्यावर संशयाची नजर होती. स्वातंत्र्योत्तर काळातही दारूबंदी कायद्याच्या बंधनांत मोहफूल अडकले. महाराष्ट्र शासनाने ती बंधने शिथिल केली ती २०२१ साली. एका ऋतूत जन्मलेल्या अन्नाला गुन्ह्याची छाया चिकटावी आणि ती दूर होण्यास अनेक पिढ्या लागाव्यात, ही अन्यायाची गोष्ट होती, असे म्हणण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही.

वैशाख शुद्ध तृतीयेस हा ऋतू आपल्या शिखरावर येतो. विदर्भात अक्षय तृतीया हा पितरांचा दिवस आहे. पाण्याने भरलेली मातीची घागर, पळसाच्या पानावरचे नैवेद्याचे अन्न आणि घरातील गेलेल्यांची नावे घेऊन सोडलेले पाणी, हे त्याचे विधान. गावोगावच्या वहिवाटीप्रमाणे पाडव्याला किंवा या तृतीयेला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्याचे, साल बदलते, जुना हिशेब चुकता होतो आणि नवा करार ठरतो. चिनी छिंगमिंगचेही प्रधान अंग पूर्वजांचे स्मरण हेच आहे. एप्रिलच्या चार किंवा पाच तारखेस लोक कबरींवरचे तण काढतात, माती सारखी करतात, फुले व अन्न अर्पण करतात, आणि नंतर हिरव्या रानात फिरावयास जातात. ऊन चढत असता मृतांना पाणी द्यावे असे एका समाजास वाटले, आणि तण उगवत असता त्यांची कबर स्वच्छ करावी असे दुसऱ्यास वाटले. दोघांनीही नव्या पिकाच्या उंबरठ्यावर प्रथम आपल्या गेलेल्या माणसांकडे पाहिले.

मराठी माणसास हा छिंगमिंग परका मानता येणार नाही. १९३८ साली राष्ट्रीय सभेने चीनमध्ये पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी तेथे चिनी भाषा आत्मसात केली, रणभूमीवरील रुग्णांची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला, आणि आज शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांच्या समाधीवर छिंगमिंगच्या दिवशी चिनी लोक फुले वाहतात. पुण्यातही पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांच्यासारख्या पंडितांनी बौद्ध ग्रंथांच्या निमित्ताने चिनी भाषेचा व्यासंग केला. ज्या जिल्ह्यातील पवनी येथे जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात १९६९-७० साली प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने चिनी भाषेकडे वळावे, यात परंपरेला धरून नसलेले असे काही नाही.

अक्षय तृतीयेच्या आगेमागेच तेंदूचा हंगाम येतो. त्याआधी झुडपे छाटलेली असतात, नवी कोवळी पाने मे महिन्यात खुडली जातात, सत्तर पानांचा एक पुडका बांधला जातो आणि सायंकाळी तो फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून दिला जातो. भंडारा-गोंदियाच्या विडी-व्यवसायाचा आधार हाच. १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाच्या हाती आणला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानातील लोकांचा हक्क मान्य केला. पहिल्या पावसापूर्वी पाने वाळून पोत्यांत जातात, आणि तेथे वसंत संपून रोहिणी-मृगाची भाषा सुरू होते.

चीनमध्ये १९१२ साली पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली गेली, १९१४ मध्ये चांद्र नववर्षाला छुनच्ये, म्हणजे वसंतोत्सव, हे नाव अधिकृतपणे देण्यात आले; राज्ये आणि कालगणना बदलूनही ऋतूंची नावे लोकांपासून तुटली नाहीत, कारण ती लिहिलेली आणि शिकविलेली होती. आपल्याकडे वाजिब-उल-अर्जाने हक्क लिहिले, वनखात्याने पानांचे पुडके मोजले, अबकारीने मोहाचे वजन केले. पण त्या हक्कांभोवतीचे शब्द, विधी आणि कामाची क्रमवारी यांची नोंद करण्याचे काम सरकारी कागदाने केले नाही. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले म्हणून बरेच काही वाचले. तरी प्रत्येक गावाचा वसंत स्वतंत्र आहे आणि तो सांगणारी माणसे वृद्ध होत आहेत. म्हणून भंडाऱ्यातील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की, चिनी वसंताची सहा नावे अवश्य पाठ करावीत, आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आपल्या गावचा तलाव, मोह, तेंदू आणि अक्षय तृतीया यांचा क्रम, आजीच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवून, तिथीवार लिहून काढावा.