बंदरकाठचे पानगृह

सिडनीच्या बंदरालगत, जेथे अर्गाईल आणि केंट हे दोन रस्ते एकमेकांस मिळतात, त्या मिलर्स पॉइंटच्या कोपऱ्यावर वालुकाश्माच्या चिऱ्यांची जी भक्कम इमारत उभी आहे, ती विल्यम वेल्स नामक एका गिलावा करणाऱ्या कारागिराने १८३६ च्या सुमारास स्वतःच्या निवासासाठी उभारली. १८४१ साली तिला मद्यविक्रीचा परवाना मिळाला आणि ट्रॅफल्गारच्या रणात देह ठेवणाऱ्या लॉर्ड नेल्सनचे नाव, खलाशांच्या वस्तीस शोभेल असेच, तिच्या पाटीवर चढले. शहरातील सर्वांत प्राचीन पानगृहाचा मान तिच्याकडे जातो की शेजारच्या 'फॉर्च्यून ऑफ वॉर'कडे, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

१९०० साली, मुंबई-पुण्यास आधीच ग्रासणारा प्लेग या धक्क्यावर उतरला, तेव्हा सरकारने भोवतालच्या मिळकती ताब्यात घेऊन कित्येक घरे जमीनदोस्त केली; पुढे १९१६ पासून १९५५ पर्यंत सायंकाळी सहाच्या ठोक्याला पानगृहे बंद करण्याचा कायदा होता, आणि कामावरून सुटलेला मजूर तासाभरात मिळतील तितके पेले घाईघाईने रिचवी. या सर्व स्थित्यंतरांतून तरलेल्या वास्तूत १९८० नंतरच्या दशकात मद्यनिर्मितीही सुरू झाली: मोड आणून वाळवलेले जव भरडून ऊन पाण्यात भिजवायचे, निघालेला गोड अर्क हॉप्सच्या कडवट फुलांसह उकळायचा, निववायचा आणि किण्वाच्या स्वाधीन करायचा. जेथे पेला भरतो तेथेच पीप आंबते, ही जुनी रीत अशी पुनश्च प्रतिष्ठित झाली.