राघू आणि कॅमेरा

आमच्या ओसरीच्या तुळईला एक लोखंडी आकडा आहे. माझ्या लहानपणी त्याला राघूचा पिंजरा टांगलेला असे. मोहाच्या ढोलीत हात घालून मीच ते पिल्लू काढले होते. पुढे ते ‘विठू विठू’ म्हणू लागले तेव्हा सर्वांनी माझे कौतुक केले. त्याच्या आईने त्या झाडावर किती हाका मारल्या असतील, हे कोणाच्या मनातही आले नाही.

वास्तविक पोपटाची नि आपली ओळख फार जुनी. हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत, आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या थव्याला रत्नहाराची उपमा दिली आहे. त्या कवीने पाहिलेले राघू मोकळे होते. आपण त्यांना बोलायला शिकविले आणि त्यांचे उडणे पाहायचे विसरलो!

पक्षी रानातच राहू द्यावा आणि त्याचे रूप तेवढे घरी आणावे, ही किमया कॅमेऱ्याने केली. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली एका घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये अशा छायाचित्रांचे पुस्तकच काढले. पाखरू माणसाला भिते, बैलाला भीत नाही. म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी पेंढा भरल्यासारखा दिसणारा, पण आतून पोकळ असा बैल करविला. रिचर्ड कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात दडून बसे. एकदा तर आतल्या माणसासकट बैल उताणा पडला! आमच्या जिल्ह्यातील सिंदीला तान्ह्या पोळ्याचे मोठमोठे लाकडी बैल निघतात, तेव्हा मला हटकून हे कीर्टनबंधू आठवतात.

मजजवळ बैल नव्हता, घोंगडी होती. फाल्गुनातल्या एका पहाटे बोरधरणाच्या वाटेवर, शेताच्या बांधावरील जुन्या मोहासमोर ती पांघरून बसलो. पोपट स्वतःचे घरटे विणीत नाही. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. उजाडले तसा गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला नर शेंड्यावर येऊन ओरडला. मादीला तो कंठ नसतो. ती पलीकडच्या फांदीवर बसली. पण ढोलीकडे येईना. आत पिल्लांची चिरचिर चालली होती. चार पावले पुढे सरकलो असतो तर चित्र झकास आले असते. पण घास अडला होता तो माझ्यापायी. पिंजऱ्याचे दार नसले म्हणून काय झाले? मी आईच्या वाटेत पुन्हा बसलोच होतो.

मी उठलो आणि दूर बाभळीखाली गेलो. थोड्याच वेळात ती ढोलीत शिरली. त्या दिवशी मजकडे छायाचित्र आले ते एवढेच : आभाळ, मोहाचा शेंडा आणि उडत्या थव्याच्या पुसट हिरव्या रेघा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी आता देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा ठरला आहे. तरी शाळेत मुले विचारतात, “गुरुजी, पिल्लू आणू का?” मी त्यांना आमच्या ओसरीवर नेतो. ते पुसट छायाचित्र त्याच आकड्याला टांगले आहे. “यात पोपट कुठे आहे?” मुले विचारतात. मग मी त्यांना मोहाची वाट दाखवितो, आणि दुरूनच पाहायचे, अशी शपथ घालतो.