वेड, मतिमंदत्व आणि मधली रेषा

१९१२ च्या भारतीय ल्युनसी कायद्याने ‘ल्युनॅटिक’ या एकाच शब्दात दोन वेगळी माणसे कोंबली होती : जन्मापासून बुद्धीची वाढ खुंटलेला आणि पुढे मन बिघडलेला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गल्लत दूर केली आणि मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले. २०१७ च्या कायद्यानेही ते बाहेरच ठेवले. हे योग्यच झाले. मंद बुद्धी हा आजार नव्हे. पण एकाच मुलाच्या वाट्याला दोन्ही आले तर?

याचे सर्वांत बोलके उदाहरण बाविसाव्या गुणसूत्रावर सापडते. १९६५ मध्ये अँजेलो डीजॉर्ज यांनी थायमस व पॅराथायरॉईड ग्रंथींविना जन्मलेल्या बालकांकडे लक्ष वेधले. १९७८ मध्ये रॉबर्ट श्प्रिन्टझेन यांनी टाळू, हृदय आणि चेहरा यांच्या दोषांचे एक लक्षणसमूह वर्णिले. दोहोंच्या मुळाशी बहुतेक वेळा गुणसूत्राचा तोच तुकडा गळालेला असतो, हे नंतर कळले. ही मुले मोठी होऊ लागली, आणि त्यांच्यापैकी काहींना पौगंडावस्थेनंतर तीव्र मनोविकार जडतात, असे श्प्रिन्टझेन यांच्याच गटाने १९९२ मध्ये नोंदवले. (ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते, वाचादोषतज्ज्ञ होते!) सर्वसाधारण लोकसंख्येत स्किझोफ्रेनिया शंभरात एकाला होतो, या मुलांत तारुण्यापर्यंत सुमारे चारांत एकाला.

तरी निदान निसटते. १९८२ मध्ये स्टीव्हन राइस व सहकाऱ्यांनी तीव्र भीतीने ग्रासलेल्या एका व्यक्तीचे वर्णन मानसशास्त्रज्ञांपुढे ठेवले. तीच व्यक्ती मतिमंद असल्याचे सांगितले की तीच भीती त्यांना कमी गंभीर वाटू लागली. बुद्धीच्या सावलीत मनाचे दुखणे दिसेनासे होते.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता व मानसिक आजार वेगवेगळे नोंदवले, बहुविकलांगताही मान्य केली. कागदावर वाट मोकळी झाली. प्रत्यक्षात धोक्याचे वय सुरू होते नेमके बालरोग विभागाची वयोमर्यादा संपण्याच्या सुमारास, आणि मुलाला लहानपणापासून ओळखणारा डॉक्टर सुटतो.

अशा वेळी एखादी मुलगी अचानक खोलीबाहेर येईनाशी झाली, तर ‘तिचा सिंड्रोमच तसा’ म्हणण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम पाहावे. पॅराथायरॉईडच्या उणिवेने ते घटते आणि चिडचिड, चिंता, झटके उद्भवतात. थायरॉईडही तपासावे. आणि कोणाचे आवाज ऐकू येतात का, हे आईवडिलांना नव्हे, तिलाच तिला समजेल अशा शब्दांत विचारावे.