दुधाच्या दातांची वहिवाट

महाराष्ट्रातील जुन्या गृहस्थी घरांत मुलाच्या दातांचा जो काही मानपान होई तो त्यांच्या येण्याचा आणि जाण्याचा. मधल्या मुदतीत ते तोंडात कसे नांदतात, याची विचारपूस करण्याची वहिवाट आपल्याकडे नव्हती. पहिला दात वरच्या हिरडीत दिसला तर तो मामाला जड जाणार म्हणून आजोळी निरोप जाई. दात येतेवेळचे जुलाब आणि ज्वर दातांच्याच खाती मांडून वैद्याला बोलावण्यात दिरंगाई होई (या हयगयीपायी किती पाळणे रिकामे झाले, याचे दप्तर कोणी ठेवले नाही). आणि पुढे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावताना, उंदराच्या दातांसारखे बळकट दात मिळावेत अशी मागणी घरादारादेखत रुजू होई. या दोन समारंभांच्या दरम्यान दाताला कीड लागलीच, तर वडीलधाऱ्यांचा निवाडा ठरलेला असे : दुधाचेच आहेत, पडायचेच आहेत.

दंतधावन हा मुळी शौचाचा भाग असल्यामुळे ते सकाळी, मुखात काही जाण्यापूर्वी व्हावयाचे. रात्री साखर घातलेले दूध पिऊन निजणाऱ्या मुलाला चूळ भरावयास लावणे कोणाच्या मनात येत नसे. न्हाणीपाशी करवंटीत राखुंडी ठेवलेली असे : शेण्यांची राख, कुटलेले मीठ, कोठे बदामाच्या टरफलांचा कोळसा, ऐपत असल्यास चिमूटभर कापूर. ती डाव्या तळव्यावर घेऊन मूल समोरचे चार दात बोटाने घाशी, दाढांपर्यंत ते बोट पोचतच नसे, आणि ओसरीवरून वडिलांचा 'दात घासलेस का?' एवढा सवाल झाला की पालकांचे कर्तव्य संपे. कोकणात राखुंडीच्या जागी आंब्याचे पान, देशावर बाभळीची वा कडुलिंबाची काडी. दाढ ठणकू लागली तर लवंग. पण ज्या घरात तव्यावर तंबाखू भाजून मिश्री होई, तेथे आजी तीच चिमूट नातवंडाच्या दाढेत भरी, आणि ठणका थांबला तरी मिश्रीची सवय थांबेलच असे नव्हते. त्यानेही न भागल्यास निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून धुरी देत, आणि धूर ओसरल्यावर कीड पडली म्हणून दाखविण्यापुरते पांढरे काहीतरी सापडेच.

1933 साली वालचंद हिराचंदांनी मालेगावनजीक रावळगावी साखरेचा उद्योग उभारला, आणि त्याच साली मुंबईस नायर दंतमहाविद्यालयाचा आरंभ झाला. हा निव्वळ योगायोग; तथापि पुढे रावळगावच्या गोळ्या खेडोपाडीच्या दुकानांतील बरण्यांत जितक्या सुखाने पोचल्या, तितक्या सुखाने दंतवैद्य काही शहराची वेस ओलांडून गेला नाही.

नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून काश्यपसंहिता मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यात 1938 साली छापून निघाली. बालचिकित्सेला वाहिलेल्या या ग्रंथात दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय असून, बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मतात व उरलेले दोनदा, असा हिशेब त्यात मांडला आहे. आजचे शास्त्र एकदाच येणारे दात बारा मानते; म्हणजे बेरीज जुळत नाही, पण पुन्हा न येणारे दात निराळे काढण्याची दृष्टी मला अनेक सुशिक्षित पालकांहून पक्की वाटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, काहीही न पडता, मुकाट्याने उगवणारी दाढ याच वर्गातली. आणि ती किडून काढण्याची पाळी आली म्हणजे 'हिच्या जागी दुसरी येईल ना?' हा आईबापांचा प्रश्न दंतवैद्यांना अजूनही ऐकावा लागतो.