फुल्यांची अर्पणपत्रिका आणि मुलांचा निळा पासपोर्ट

आज थोडा इतिहास ऐकू या, आणि सुरुवात करू या तुमच्या घरातल्या एका ड्रॉवरपासून.

ज्या ड्रॉवरमध्ये तुम्ही पासपोर्ट ठेवता, तो डोळ्यांसमोर आणा. आपल्या अर्विंगमध्ये अशी कितीतरी घरं आहेत, जिथे त्या ड्रॉवरात दोन तऱ्हेचे पासपोर्ट शेजारी शेजारी असतात. दोन्ही निळेच. एकावर अशोकस्तंभ, दुसऱ्यावर गरुड. आईबाबा वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहेत, आणि इथे जन्मलेलं लेकरू मात्र पहिल्या दिवसापासून अमेरिकन नागरिक. आपण ते गृहीत धरतो. पण हा हक्क आला कुठून? त्यासाठी कोणी किंमत मोजली?

उत्तर शोधायला आधी पुण्याला जाऊ.

साल १८७३. जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. जोतीराव आणि धोंडिबा यांच्यातला संवाद, विषय आपल्याकडची जातीची गुलामी. पण पुस्तक अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या लोकांना. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्यांनी स्वार्थ बाजूला ठेवून झीज सोसली, त्या सज्जनांना. माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही जोतीरावांनी तिथेच व्यक्त केली.

जोतीराव अमेरिकेला कधी आले नाहीत. त्यांना अमेरिका भेटली ती वाचनातून. तरुणपणी त्यांनी थॉमस पेन यांचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं. माणसाचे हक्क हे काही राजाने दिलेलं दान नव्हे, असं सांगणारं हे पुस्तक. ते लिहिल्याबद्दल इंग्लंडच्या सरकारने १७९२ मध्ये पेनवर राजद्रोहाचा खटला चालवला, आणि तो देशाबाहेर असतानाच त्याला दोषी ठरवलं. सरकारला नकोसं झालेलं पुस्तक अर्ध्या शतकानंतर पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाच्या हाती पडलं, आणि त्यातून काय उभं राहिलं ते आपण जाणतोच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अर्पणपत्रिका लिहिताना जोतीरावांनी अमेरिकेच्या संस्थापकांना निवडलं नाही. कारण समजायला फार लांब जायला नको. आपल्या अर्विंगच्या ज्या बागेत २०१४ पासून गांधीजींचा पुतळा उभा आहे, त्या बागेला नाव आहे थॉमस जेफरसन यांचं. सगळी माणसं समान आहेत, हे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारे जेफरसन. आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगणारेही तेच जेफरसन. वाक्य कागदावर होतं, पण ते कोणाला लागू आहे हे ठरवायचा अधिकार मालकाच्या हातात होता.

१८५७ मध्ये तर इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगूनच टाकलं, की काळा माणूस गुलाम असो की स्वतंत्र, तो या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. पुढे यादवी युद्ध झालं. लाखो माणसं मेली. आणि १८६८ मध्ये संविधानात चौदावी दुरुस्ती आली. तिचं म्हणणं थोडक्यात असं : या भूमीवर जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत असलेला तो इथला नागरिक. आणि कायद्याची योग्य प्रक्रिया पाळल्याशिवाय कोणतंही राज्य कोणत्याही व्यक्तीचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ शकत नाही.

इथे शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. म्हणजे व्हिसावर आलेली तुमची मावसबहीणही त्यात आली. आपल्या भारतीय संविधानातही समानतेचं कलम चौदावंच आहे. त्यातही 'व्यक्ती' हाच शब्द आहे, आणि 'कायद्याचं समान संरक्षण' हे शब्द तर थेट या अमेरिकन दुरुस्तीतून आलेले आहेत.

पण मंडळी, संविधानात लिहिलं की काम संपलं, असं कधी होत नाही. वाँग किम आर्क नावाचा एक चिनी कुटुंबातला स्वयंपाकी होता, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. १८९५ मध्ये तो चीनहून परत आला तेव्हा त्याला बंदरावरच अडवलं. तू इथला नव्हेस, म्हणाले. तो लढला. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला : आईबाप परके असले तरी इथे जन्मलेला मुलगा नागरिकच.

आता आपल्या लोकांकडे या. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये न्यायालयाने ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस सामान्य समजुतीप्रमाणे 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. सरकारने मग, ज्या हिंदी लोकांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्याकडूनही ते काढून घ्यायला सुरुवात केली. त्यांत थिंड यांचे वकीलही होते. नाव सखाराम गणेश पंडित. १९१४ पासून ते अमेरिकन नागरिक होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं : तुमच्याच न्यायालयाने दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी इथे वकिली केली, संसार मांडला. आता ते परत कसं मागता? १९२६ मध्ये ते अपिलातही जिंकले, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची मागणी ऐकून घ्यायलाच नकार दिला. सरकारची ती मोहीम तिथेच थंडावली.

तरीही दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याच वर्षी, त्याच संसदेत काळ्या लोकांच्या मतदानहक्काचा कायदा झाला होता. वंशावरून माणसाला दार बंद करणं लाजिरवाणं आहे, हे वातावरण ज्यांनी तयार केलं, त्यांनी त्यासाठी अलाबामाच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या होत्या. आपले काका, मामा त्यानंतर सूटकेस घेऊन उतरले.

म्हणून म्हणतो, आपण इथे स्वतःच्या हुशारीवर आलो हे खरं, पण अर्धंच खरं. आपल्या लेकराचा निळा पासपोर्ट ही गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांची देणगी आहे. जोतीरावांनी ज्यांना वंदन केलं, त्यांचं ऋण आपल्या ड्रॉवरात आहे.

आणि हे ऋण जुनं झालेलं नाही. २० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर त्यांच्या इथे जन्मणाऱ्या बाळाला नागरिक मानायचं नाही, असं म्हटलं होतं. प्रकरण लगेच न्यायालयात गेलं. तिथे वाद झाला तो त्याच १८६८ च्या ओळीवर आणि त्याच स्वयंपाक्याच्या खटल्यावर. राजकारणात तुमचं मत काहीही असो, ती ओळ वाचून मगच मत बनवा, एवढंच सांगणं.

या आठवड्यात घरी एक करून पाहा. 'गुलामगिरी' काढा. त्याची एक प्रस्तावना जोतीरावांनी इंग्रजीत लिहिली आहे, ती मुलांना वाचू द्या. संवाद मराठीत आहेत, ते तुम्ही वाचा. मूल मोठं असेल तर ग्रंथालयातून एरिक फोनर यांचं 'द सेकंड फाउंडिंग' आणा. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्तीची गोष्ट त्यात नीट सांगितली आहे.

आणि हो, संवाद वाचताना मुलाला धोंडिबा करा. प्रश्न विचारायचं काम त्याचं. उत्तर आलं नाही तर लाजू नका, दोघं मिळून शोधा.