बटण, काच आणि अंगठा : जुन्या कळफलकी स्मार्टफोनविषयीच्या मतांचे विवेचन

१. प्रश्न

बटणांच्या जुन्या स्मार्टफोनचा विषय निघाला की नंदुरबारसारख्या जिल्ह्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, "तसा फोन पुन्हा झाला नाही. न बघता मेसेज टाकायचो." दुसरा म्हणतो, "डबडं होतं नुसतं, दिसायला ऐटबाज." पुष्कळदा दोघांनी वापरलेला फोन एकच असतो, नोकिया ई६३. वस्तू एक आणि साक्षी दोन असल्या की कोणीतरी चुकतो आहे असे आपण धरून चालतो. या विवेचनाचे म्हणणे असे की दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघांची वाक्ये अर्धी आहेत. कोणाच्या हाताला, कोणत्या लिपीत, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या साली, एवढे गाळून 'चांगला' किंवा 'वाईट' हा शेवटचा शब्द तेवढा उरलेला असतो. गाळलेला भाग भरून काढला की विरोध बराचसा विरतो.

२. व्याप्ती

बारा बटणांच्या साध्या मोबाईलला आपण 'बटणवाला' म्हणतो. तो येथे अभिप्रेत नाही. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांना सव्वीस बटणे देणारा क्वर्टी कळफलक आणि इंटरनेट, ईमेल, ॲप चालवण्याची सोय, अशी जोडी असलेला फोन हा विषय आहे. १९९९मध्ये ब्लॅकबेरी ८५० या पेजरवजा यंत्राने अंगठ्यांनी टाइप करायची सवय लावली. २००८मध्ये नोकियाचे ई७१ आणि ई६३ आले, २०१०मध्ये स्वस्तातला सी३ आला. काटेकोरपणे पाहिले तर सी३ स्मार्टफोन नव्हे, पण लोकांनी त्याला याच पंक्तीला बसवले. ब्लॅकबेरीचे पासपोर्ट व क्लासिक २०१४चे, की-वन २०१७चा, की-टू २०१८चा. त्याच २०१८मध्ये जिओने २,९९९ रुपयांत आडव्या पडद्याचा, क्वर्टी बटणांचा जिओफोन २ काढला. तोही स्मार्टफोनच्या उंबरठ्यावरचाच, पण पुढच्या विवेचनात तो फार उपयोगी पडतो.

३. पहिला घटक : हात

बटणांची तारीफ करणारा बहुधा म्हणतो, "बटणं मोठी होती, चुका व्हायच्या नाहीत." मोजून पाहिले तर यातला पहिला भाग टिकत नाही. ई६३ची रुंदी ५९ मिलिमीटर. एका ओळीत दहा अक्षरे, म्हणजे एका बटणाच्या वाट्याला सहा मिलिमीटरही येत नाहीत. आजच्या काचेच्या फोनची रुंदी ७५ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे काचेवरचे चित्रातले बटण उलट मोठेच भरते. तरीही चुका काचेवर जास्त होतात, या अनुभवात तथ्य आहे. कारण आकारात नसून कडेत आहे. खऱ्या बटणाला कड असते, मधोमध फुगवटा असतो, आणि दाबल्यावर खालचा धातूचा घुमट 'टक्' करून बसतो. अंगठ्याला दोन बातम्या मिळतात : आपण कुठे आहोत, आणि काम झाले की नाही. काच यांतली पहिली बातमी देतच नाही. दुसरी थरथरून किंवा आवाज करून उसनी आणते. पहिल्या बातमीचे काम मग डोळ्यांना करावे लागते.

म्हणून 'न बघता' हा शब्द या मतांचा गाभा आहे. मोटारसायकल थांबवून एका हाताने उत्तर देणारा, किंवा बोलणाऱ्याकडे पाहत टिपण घेणारा, यांना बटणे खरोखर सोयीची. दृष्टिहीन माणसाला तर अधिकच.

याच हाताची दुसरी बाजू पाहू. वाचता न येणारी म्हातारी बारा बटणांच्या फोनवर मधल्या पाचच्या उंचवट्यावरून आकडे ओळखते. क्वर्टी फोनमध्ये आकडे अक्षरांच्या बटणांवरच दाटीवाटीने बसवलेले. त्यामुळे साधा नंबर लावायलाही ती अडखळते. 'बटणांचा फोन म्हाताऱ्यांना सोपा' हे मत बारा बटणांचे आहे; ते सव्वीस बटणांना चिकटवले की खोटे ठरते.

४. दुसरा घटक : लिपी

हा घटक सर्वांत महत्त्वाचा आणि मतांमधून सर्वांत जास्त गाळला जाणारा. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबारची लोकसंख्या सुमारे १६.४८ लाख. त्यांतले सुमारे ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, तर राज्याची ८२. घरात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी-गुजरातीही. या कशालाच ई६३च्या बटणांवर जागा नव्हती. तिथे फक्त ए-बी-सी.

मराठी टाइप करण्याची प्रमाण पद्धत नव्हती असे नाही. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची मांडणी १९८६पासून घडत आली. डाव्या हाताला स्वरचिन्हे, उजव्या हाताला व्यंजने, असा तिचा शहाणा आराखडा आहे. पण ती पूर्ण आकाराच्या संगणकासाठी घडली. सव्वीस अक्षरांच्या पलीकडे उजव्या कडेला चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ अशी बटणे असतात, आणि तिथे इनस्क्रिप्टने खरी अक्षरे बसवली आहेत : ड कंसावर, च अर्धविरामावर, ट अवतरणचिन्हावर, य तिरक्या रेघेवर. फोनचा कळफलक लहान करताना नेमकी ही कड कापली जाते.

याचा परिणाम जिल्ह्याच्या नावांवर तपासून पाहता येतो. 'नंदुरबार' या शब्दाला न, अनुस्वार, द, उकार, र, ब, काना, र असे आठ ठोके लागतात. आठही सव्वीस बटणांच्या आत बसतात. रोमनमध्ये हेच नाव नऊ अक्षरांचे. म्हणजे देवनागरीच काटकसरी. 'नवापूर', 'शहादा', 'तळोदा', 'अक्कलकुवा' हीही बसतात. शहाद्याच्या श-ला, तळोद्याच्या ळ-ला आणि अक्कलकुव्याच्या अ-ला शिफ्ट दाबावी लागते एवढेच. सहाव्या तालुक्याचे सरकारी नाव 'अक्राणी'. तेही बसते. पण त्याचे मुख्यालय 'धडगाव', आणि तिथे ड आडवा येतो. 'मिरची'त च आडवा येतो. ज्या नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ राज्यभर प्रसिद्ध, तिथल्या फोनवर मिरची लिहायला चिन्हांचे चोरबटण शोधावे लागावे, ही गंमत नाही. मांडणी दुसऱ्याच लिपीसाठी कापलेली आहे, याचा तो पुरावा आहे.

दुसरे कारण मेसेजच्या हिशेबात होते. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावतात. देवनागरी युनिकोडमध्ये लिहिले की मर्यादा ७०वर येते आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्यात ई६३चा पडदा २.३६ इंचांचा, उंचीला २४० बिंदू. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये अक्षर अशी तीन मजली देवनागरी त्यावर दाटते. लोकांनी 'kasa kay' लिहायला सुरुवात केली ती इंग्रजीच्या हौसेने म्हणण्यापेक्षा हिशेबाने.

आता तारीफ करणारे कोण, हे उलगडते. टायपिंग क्लासला जाऊन इंग्रजीचे प्रमाणपत्र घेतलेला कारकून, बदलीवर आलेला अधिकारी, कॉलेजातला विद्यार्थी. त्यांच्या बोटांत क्वर्टी आधीच मुरलेला होता. मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेल्याची गोष्ट निराळी. त्याचा सराव मराठी टंकयंत्राच्या मांडणीचा. फोनवर तो वाया गेला. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांची मते वेगळी निघाली तर नवल नाही.

काचेने केलेला खरा बदल येथे आहे. काचेवरचे बटण छापील नसते. ते क होऊ शकते, ध होऊ शकते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी केंद्रातून २०१३मध्ये आलेल्या 'स्वरचक्र'ने याचाच फायदा घेतला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती स्वरचिन्हांचे चक्र उमलते. क-वरून बोट सरकवले की का, कि, की. बाराखडी घोकलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. २०१७मध्ये गुगलचे मराठी बोलून टायपिंग आले आणि बटण-काच हा वादच काही जणांपुरता मागे पडला. ज्या जिल्ह्यात तिसरा हिस्सा लोक निरक्षर नोंदले गेले, तिथे बोलून लिहिण्याची सोय कुठल्याही कळफलकापेक्षा मोठी आहे. मात्र ती मराठीची. पावरी किंवा मावची बोलणाऱ्याला तिथेही आधी भाषा बदलावी लागते.

५. तिसरा घटक : काम आणि परिसर

नंदुरबारात थंडीच्या दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात. पथारीवर काम करणाऱ्याचे हात तिखटाने माखलेले, कधी फडके बांधलेले. काचेचा पडदा बोटाच्या विद्युतवहनावर चालतो. कापड मध्ये आले की त्याला बोट कळत नाही, आणि पाण्याचा थेंब पडला की बोट नसताना कळते. सातपुड्यातल्या पावसात हा दुसरा दोष भोवतो. बटणाला फक्त दाब लागतो. "शेतात बटणंच बरी" हे मत या अर्थी पदार्थविज्ञानाला धरून आहे. अर्थात धूळ बटणांच्या फटीत शिरते आणि एखादे बटण दाबले जात नाही किंवा दोनदा उमटते, हेही तितकेच खरे.

टिकाऊपणाच्या मताला दुरुस्तीच्या दुकानात आधार सापडतो. काचेचा फोन पडला की पडदा आणि टच एकत्र जातो. कारागीर त्याला 'फोल्डर' म्हणतात आणि तो बदलायचा खर्च कधी फोनच्या उरलेल्या किमतीइतका होतो. ई६३ पडला की बहुधा मागचे झाकण निघून बॅटरी बाहेर पडे. उचलून बसवली की झाले.

बॅटरीबद्दलची मते मात्र तपासून घ्यावीत. १,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आजच्या मानाने किरकोळ. ती पुरे, कारण पडदा लहान होता आणि पाठीमागे सतत डेटा ओढणारी ॲप नव्हती. गुण बटणांच्या खात्यावर जमा होतो, पण कमाई कमी कामाची आहे.

एक बारकावा मात्र निव्वळ बटणाचाच. ई६३चे स्पेसबार दाबून धरले की कॅमेऱ्याचा दिवा टॉर्च होऊन पेटे. माझ्या खणातल्या ई६३वर ते बटण इतर सर्वांपेक्षा जास्त घासलेले आहे. वीज गेल्यावर अंधारात, फोन न पाहता, सर्वांत रुंद बटण अंगठ्याला सापडते. लिहायचे बटण उजेडाचे झाले. ही सोय कळफलकाच्या स्पर्शातून आली, आणि ती अनुभवायला कुठलीच लिपी यावी लागत नाही.

६. चौथा घटक : काळ

एकाच फोनला तीन काळांत तीन निकाल मिळाले. २००८ ते २०१२ हा एसएमएस आणि ईमेलचा काळ. त्यात कळफलकी फोन सरस. जानेवारी २००७मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्झ यांनी कायमच्या प्लास्टिक बटणांवरच बोट ठेवले होते, पण तो आक्षेप आपल्याकडे पोचायला वेळ लागला. २०१३ ते २०१७ हा व्हॉट्सॲपचा काळ, निकाल बरोबरीचा. मग दोन धक्के बसले. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले. ते केवळ ४-जी असल्याने ई६३मध्ये ते सिम चालेना. ३० जून २०१७नंतर व्हॉट्सॲपने ई७१-ई६३ या नोकियांचा आधार काढला, वर्षाखेरीस ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीचाही. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ला बंद झाल्या.

तिसरा काळ सरकारी ॲपचा. २०२१च्या मार्चमध्ये अंगणवाडी सेविकांसाठी पोषण ट्रॅकर आले, १५ ऑगस्टला शेतकऱ्यांसाठी ई-पीक पाहणी. पिकाचा फोटो, जागेची नोंद, यादीतून निवड, अशी ही कामे. टाइप करणे त्यात नगण्य. येथे कळफलकाचा गुण निरुपयोगी आणि लहान पडदा अडचणीचा.

बटणे गेली ती वाईट होती म्हणून, की भोवतालची व्यवस्था गेली म्हणून? जिओफोन २ने याचे उत्तर देण्याची संधी दिली. त्यात ४-जी होते, किंमत आवाक्यात होती, व्हॉट्सॲपही सप्टेंबर २०१८मध्ये आले. म्हणजे 'काळ' हा अडसर दूर केला होता. तरीही क्वर्टी बटणांची लाट परत आली नाही. स्वस्त फोन घेणाऱ्याला बारा बटणे पुरत होती, आणि थोडे जास्त पैसे घालणाऱ्याला मोठी काच मिळत होती. मधल्या जागेत उभे राहायला इंग्रजी टाइप करणारा मोठा वर्ग लागतो. ब्लॅकबेरीचा की-टू त्याच वर्षी ४२,९९० रुपयांना आला; तो वर्ग त्या किमतीपाशी राहत होता.

७. मतांचे वाचन

यावरून मत ऐकताना करायची तपासणी ठरते. 'टाइप करायला मस्त' : कोणत्या लिपीत? 'बॅटरी दणकट' : कोणती ॲप चालू ठेवून? 'म्हाताऱ्यांना सोपा' : बारा बटणे की सव्वीस? 'कामाचा नाही' : २०१०मध्ये की २०२१नंतर? हे प्रश्न विचारले की आठवणीचा गोडवा आणि यंत्राचा गुण वेगळे होतात. स्पर्शातून मिळणारी बातमी, ओल्या-माखल्या हाताला मिळणारी साथ, दुरुस्तीची स्वस्ताई, हे गुण चाळणीतून पार होतात. 'मोठी बटणे' आणि 'दणकट बॅटरी' गळून पडतात.

८. निष्कर्ष

बटणाचा गुण आणि दोष एकाच गोष्टीतून निघतात : ते जागचे हलत नाही. हलत नाही म्हणून अंगठा ते पाठ करतो. हलत नाही म्हणून त्यावर छापलेले अक्षर बदलता येत नाही. ज्याची लिपी छापलेली होती त्याने पहिला अर्धा भाग अनुभवला, ज्याची नव्हती त्याने दुसरा. नंदुरबारच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१०ला देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली, तेव्हा कळफलकी फोन ऐन भरात होता. त्या दिवसापासून यंत्राने इथल्या अंगठ्याचा ठसा ओळखायला सुरुवात केली. त्याच अंगठ्याला स्वतःच्या अक्षरांत लिहू देणारे बटण मात्र त्या कळफलकावर नव्हते.

अलीकडे कळफलकी फोन पुन्हा निघू लागले आहेत. युनिहर्ट्झचा टायटन आला, २०२४मध्ये आयफोनला चिकटवायचा क्लिक्स कळफलक आला. परीक्षणे वाचून मोह होईल. घेण्याआधी माझी कसोटी एकच : ज्याच्यावर धड 'धडगाव'सुद्धा लिहिता येत नाही, त्याला इथे चांगला कळफलक म्हणायचे नाही.