पानाने दिलेली साक्ष



पिकाचे पान बिघडले की आपण आधी काय पाहतो? पाणी कमी पडले का, खत चुकले का, रोग आला का, कीड लागली का. या चारांपैकी एकही सापडले नाही, तर कपाळाला हात लावून म्हणतो, “यंदाचं सालच वाईट!” पण पाचवे कारणही असू शकते आणि ते हवेत असते. ओझोन त्याचे नाव. तो दिसत नाही, पाऊलखुणा ठेवत नाही. मग माणसाला तो सापडला कसा? त्याची ही हकिकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस हे मोठे शहर आहे. एका अंगाला समुद्र, बाकी बाजूंना डोंगर. ऊन भरपूर, पण हवा कोंडलेली. शहरात मोटारी लाखांनी, आणि शहराला लागून त्या काळी भाजीपाल्याचे मळे नि संत्र्यांच्या बागा. १९४३ सालच्या उन्हाळ्यात शहरावर असे काही धुरके दाटले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, मळ्यांतल्या पालेभाज्यांची पाने बिघडलेली दिसली. पालक, बीट, सलाद यांच्या पानांच्या खालच्या बाजूला चांदीसारखी चकाकी यायची, मग ती तांबूस पडून वाळायची. आता तुम्हीच सांगा, पालेभाजीचे पानच गेले तर बाजारात न्यायचे काय?

तज्ज्ञांनी बुरशी शोधली, सापडली नाही. कीड शोधली, तीही नाही. रिव्हरसाइड येथील संशोधन केंद्रातले वनस्पतिरोगतज्ज्ञ जॉन मिडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली लिहिले, की हा रोग नव्हे, ही हवेची बाधा आहे.

पण हवेत आहे तरी काय? शहरातल्या लोकांनी कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर बोट ठेवले. कारखाना काही काळ बंद केला, तरी धुरके येतच राहिले. मग गंधकाच्या धुरावर आळ आला. पण गंधकाच्या धुराने भाजलेले पान वेगळे दिसते, आणि मळ्यातले पान तसे दिसत नव्हते. पान म्हणत होते, “माझा चोर दुसराच आहे.”

तो चोर पकडला आरी हागेन-स्मित यांनी. हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ. ते त्या वेळी अननसाला वास कशाने येतो, याचा शोध घेत होते. फळाचा वास गोठवून तपासण्याची जी रीत त्यांनी बसवली होती, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. पुढे त्यांनी पालक, बीट, ओट, लसूणघास अशी रोपे बंद खोलीत ठेवून त्यांवर पेट्रोलची वाफ आणि ओझोन एकत्र सोडला. पानांवर मळ्यातल्यासारख्याच खुणा उमटल्या! १९५२ साली त्यांनी उलगडा केला. मोटारींचा धूर आणि पेट्रोलची वाफ यांवर कडक ऊन पडले की हवेतच ओझोन तयार होतो. म्हणजे हा वायू कोणत्याही धुराड्यातून सरळ बाहेर पडत नाही, उन्हात शिजतो. म्हणून तर तो कुणाच्या नजरेत येत नव्हता.

तरी एक गाठ उरलीच होती. पानाची खालची बाजू चांदीसारखी करणारा वायू ओझोनचा सोबती निघाला. तोही त्याच धुरक्यात तयार होतो. ओझोनची स्वतःची खूण १९५८ साली द्राक्षाच्या पानावर ओळखली गेली: पानाच्या वरच्या बाजूला बारीक, गर्द ठिपके. १९५९ साली तंबाखूच्या पानावरच्या ठिपक्यांचेही कारण ओझोनच, असे सिद्ध झाले. तोवर तंबाखूवाले शेतकरी त्याला हवामानाचे डाग समजत. पुढे तंबाखूचा एक अतिशय नाजूक वाण तर ओझोन ओळखण्यासाठीच देशोदेशी लावला जाऊ लागला.

तुम्ही म्हणाल, “ओझोन तर चांगला असतो ना?” वर आकाशात, जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या वर, तो सूर्याचे घातक किरण अडवतो. तिथे तो आपली छत्री आहे. पण जमिनीलगत पिकाच्या श्वासात गेला, की तोच विष.

तो काम कसा करतो, ते पाहा. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पान हवा आत घेते आणि उन्हाच्या बळावर आपले अन्न तयार करते. त्याच दारातून ओझोन आत शिरतो. तो पेशींची आवरणे जाळतो, अन्न तयार करणारी यंत्रणा मंदावतो, दारेही अर्धवट मिटतात. जे अन्न दाण्यात जायचे, ते झाड स्वतःच्या डागडुजीत खर्च करते. पान अकाली म्हातारे होते. पानावर एकही ठिपका नसताना दाणा हलका भरू शकतो, हे यातले मोठे दुखणे.

आपल्याकडे काय? १९८६ साली पंजाबातल्या बटाट्याच्या पानांवर ओझोनच्या खुणा असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात गहू, भात, मोहरी, मूग यांवर प्रयोग झाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली हिशेब मांडला, की २००५ सालच्या हवेमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. यातले बहुतेक नुकसान मध्य आणि उत्तर भारतातले. शहरातला धूर वाऱ्याबरोबर खेड्याकडे येतो आणि वाटेत त्याचा ओझोन होतो. मोटार शहरात फिरते, तूट मात्र आपल्या खळ्यावर येते.

मग आपण काय करावे?

१. ठिपके दिसले की लगेच फवारणीला धावू नका. पान उलटून भिंगातून पाहा. लाल कोळी असेल तर तो खालच्या बाजूला सापडतो. ओझोनचे ठिपके वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, आधी जुन्या पानांवर येतात. दुसऱ्या पानाच्या सावलीत झाकलेला भाग बहुधा स्वच्छ राहतो.

२. शंका असेल तर पानांचा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही असे डाग पडतात. ओझोनवरचे औषध म्हणून कोणी काही विकू लागला, तर आधी तज्ज्ञांना विचारा, मग खिशात हात घाला.

३. ओझोन दुपारी उन्हात जास्त असतो आणि उघड्या रंध्रांतून आत जातो. पण म्हणून पिकाचे पाणी तोडू नका. ताणाचे नुकसान वेगळेच पदरी पडेल.

४. उसाचे पाचट, गव्हाचे काड जाळू नका. त्या धुरातही ओझोनचा कच्चा माल असतो. पाचट सरीत कुजवले तर जमिनीचे पोट भरते.

लॉस एंजेलिसने १९५७ साली घरोघरी परसात कचरा जाळणे बंद केले. १९७५ पासून नव्या मोटारींच्या धुराच्या नळीत धूर शुद्ध करणारे उपकरण आले. तिथला ओझोन संपला नाही, पण पुष्कळ कमी झाला. याची सुरुवात कुठून झाली? मळ्यातल्या पालकाच्या पानापासून. तेव्हा बंधूंनो, पान काही सांगत असेल तर “सालच वाईट” म्हणून पुढे जाऊ नका. जरा वाका, पान हातात घ्या आणि ते काय म्हणते ते वाचा. मग ग्रामसभेत उभे राहून, हवेचाही हिशेब मागा.